धोंडू विलणकर, आय. ई. एस.

रत्नागिरीच्या एका कोर्टात, नकला खात्यात, धोंडू विलणकर नावाचा कारकून होता. कचेरीत त्याला सगळे 'आय. ई. एस.' म्हणत. जिल्ह्यात आय. सी. एस. साहेब येत आणि बदलून जात. आय. ई. एस. मात्र एकच होता, आणि तो भाट्याहून रोज तरीच्या होडीत बसून खाडी ओलांडून कामावर येई. नव्या माणसाला वाटे, ही विलायतेतली कुठली तरी मोठी परीक्षा असावी. परीक्षा होती खरी, पण धोंडू ती इंग्रजी दुसरीत असतानाच पास झाला होता.

त्याच्या मास्तरांनी नियम असा शिकवला होता. इंग्रजी शब्दाच्या शेवटी वाय दिसला की आधी त्याचा शेजारी कोण ते बघायचं. शेजारी स्वर असेल तर वाय जागचा हलत नाही, पुढे नुसता एस आणून बसवायचा. शेजारी व्यंजन असेल तर वायचं तिथे पटत नाही. तो उठून जातो, त्याच्या जागी आय येते, आणि येताना ई आणि एस या दोघांना घेऊन येते. क्रियापद भूतकाळात गेलं तरी तेच, फक्त एसच्या जागी डी. आणि पुढे आय-एन-जी लागणार असेल तर मात्र वायने जागा सोडायची नाही, कारण एका घरात दोन आया नांदत नाहीत.

हे ऐकून वर्गातली अर्धी मुलं हसली, कारण घरी आईला ती आयच म्हणत. धोंडू हसला नाही. त्याच्या घरात त्याची आय आणि बापाची आय अशा दोघी होत्या, आणि मास्तर सांगत होते ते अगदी खरं होतं.

पुढे शाळा तपासायला साहेब आला. त्याने माकडाचं अनेकवचन विचारलं. वर्गाने एका सुरात आय-ई-एस म्हटलं. धोंडू एकटा उभा राहिला आणि म्हणाला की वायच्या मागे ई आहे, तेव्हा वाय हलणार नाही. साहेबाने त्याला पेन्सिल दिली. त्यानंतर त्याने इंग्रजीत कुठलंही नाव काढलं नाही. चौथीत असताना बाप वारला. तो मचव्यावर खलाशी होता, कालिकतहून येताना तापाने गेला. शाळा सुटली. सहा-सात वर्षं धोंडूने माडाची आळी केली, सुंभ वळलं, मिळेल ते काम केलं. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं, आणि नकला खात्याला तेवढंच लागत होतं. एकोणीसशे एकवीस साली, विसाव्या वर्षी, तो तिथे चिकटला.

नकला खात्याचं काम समजायला सोपं. कोर्टात निकाल लागला की पक्षकार त्याची नक्कल मागतात. कारकुनाने अस्सल कागद डावीकडे ठेवायचा, कोरा उजवीकडे, आणि डावीकडे असेल ते उजवीकडे उतरवायचं. मग एकाने अस्सल मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने नक्कल बघत जायचं, याला रुजवात म्हणत. रुजवात झाली की 'खरी नक्कल' असा शिक्का. खात्याचे हेडकारकून बाबूराव मुळ्ये यांनी धोंडूला पहिल्याच दिवशी सांगितलं की आपल्या खात्याचा मंत्र एकच, मक्षिकास्थाने मक्षिका. अस्सल कागदावर माशी चिकटून मेली असेल तर नकलेतही त्या जागी माशी पाहिजे. माशीला इंग्रजीत काय म्हणतात आणि पुष्कळ माश्या झाल्या तर वायचं काय होतं, हे धोंडूच्या तोंडावर आलं होतं. पण पहिलाच दिवस होता, म्हणून तो गप्प बसला.

दहा वर्षं त्याने माशीला माशी काढली. वकिलांचे अर्ज, कमिशनरचे अहवाल, साहेबांचे निकाल, जे पुढे येईल ते. त्याला इंग्रजी येत होतं असं म्हणता येणार नाही. बोलता तर येतच नव्हतं. पण निकालाची भाषा त्याला कळू लागली होती, जुन्या नवऱ्याला बायकोची कळते तशी. शब्द सगळे नाही, रोख तेवढा. आणि त्या सगळ्या मजकुरात कुठे वाय चुकला असेल तर तो त्याला पान उलटायच्या आधी दिसे. दिसला तरी तसाच उतरवावा लागे. त्या वेळी तो ओठ घट्ट मिटून घेई. शेजारचा कारकून म्हणे, आय. ई. एस.ना कळ आली. नाव पडलं ते तेव्हापासून.

सत्तावीस साली त्याच्या आयला जोराचा ताप भरला. तीन दिवस ती डोळे उघडीना. चौथ्या दिवशी सकाळी बायकोने, गोदाने, तरीवर निरोप पाठवला की असाल तसे या. धोंडूने रजेचा अर्ज लिहिला. आय मरणाच्या दारी आहे, असं इंग्रजीत लिहायचं होतं. मरण्याचा शब्द डी-आय-ई. शेवटी वाय नाही, म्हणजे आपला नियम इथे लागू नाही, तेव्हा शब्द जसाच्या तसा ठेवून पुढे आय-एन-जी जोडावा, असा त्याने विचार केला आणि तसं लिहिलं.

बाबूरावांनी त्या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढून अर्ज परत केला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. चुकीचा अर्ज साहेबांपुढे गेला तर तिथूनही परतच येणार, मग इथूनच परत गेलेला काय वाईट, एवढाच त्यांचा हिशेब. ते म्हणाले, इथे उलटं असतं, आय-ई जातात आणि वाय येतो. धोंडूने असं कधी ऐकलं नव्हतं. वाय जाणारा आहे, येणारा नाही, असं त्याने सांगून पाहिलं. बाबूराव ऐकेनात, तोही ऐकेना. अखेर साहेबांच्या कपाटातून डिक्शनरी आली. तीत बाबूरावांचं म्हणणं छापलेलं होतं. धोंडूने ते दोनदा वाचलं, नवा कागद घेतला, अर्ज पुन्हा लिहिला. रजा लगेच मंजूर झाली. पण तोवर ओहोटी लागून होडी पलीकडच्या गाळात बसली होती, आणि तो घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती.

आय अंथरुणात उठून बसली होती आणि पेज पीत होती. तिने विचारलं, उशीर का झाला. त्याने खरं ते सांगितलं, की तुझं मरण लिहिताना चुकलं.

"मग आता नीट केलंस ना?" आयने विचारलं.

"केलं."

आयने पेज संपवली. पुढे ती नऊ वर्षं जगली.

धोंडूला मात्र ते लागलं. ज्या एका गोष्टीवर आपलं नाव चालतं, तीत आपण भर कचेरीत चुकलो. मग त्याने एक वही शिवली. तिच्यात तीन रकाने पाडले. कागदात कसं लिहिलंय, कसं पाहिजे होतं, आणि तिथे अर्थ काय होता. वायने संपणारा शब्द नक्कल करताना आला की तारखेसकट वहीत. नकलेत चुकीचा उतरवायचा आणि वहीत बरोबर लिहायचा. त्याने त्याची कळ पुष्कळच कमी झाली. ओठ मिटणं थांबलं. बाबूरावांनी वही एकदा चाळली, यात कोर्टाचं काही गुपित नाही ना ते पाहिलं, आणि परत दिली.

एकोणतीस साली नवे साहेब आले. त्यांचं नाव इथे नको. माणूस विद्वान, कायद्यात पक्का, अक्षर सुरेख. पण वायच्या बाबतीत त्यांनी काही ठरवून टाकलेलं दिसत होतं. तो कुठल्याही परिस्थितीत हलवायचा नाही. अनेकवचन असो, भूतकाळ असो, वाय जागेवर आणि पुढे एस किंवा ई-डी. शिवाय एखादी वस्तू कुणाची हे दाखवायला इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर जो स्वल्पविराम देतात, तोही ते देत नसत. दोन वर्षांत धोंडूची वही भरली आणि त्याला दुसरी शिवावी लागली.

त्याच साहेबांपुढे फणसोपच्या विहिरीचा दावा चालला होता.

फणसोपला येसूबाई साळवी नावाची विधवा होती. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथेच वारला. तिचं घर आणि तिचा दीर भागोजी याचं घर एका परड्यात, मध्ये सासऱ्याने खणलेली विहीर. भागोजीने एके वर्षी विहिरीची पडलेली बाजू चिऱ्यांनी बांधून काढली, नवा रहाट बसवला, आणि खर्च आपण एकट्याने केला म्हणून येसूबाईच्या बाजूने छातीएवढा दगडी गडगा घातला. येसूबाई दोन वर्षं अर्ध्या मैलावरून डोक्यावरून पाणी आणत होती. मग तिच्या भावाने तिला कोर्टात नेलं.

दावा दोन वर्षं चालला. निकाल तयार झाला तो साहेबांच्या बदलीच्या आदल्या दिवशी. त्यांचं सामान बंदरावर गेलं होतं. दोन्ही बाजूंना बोलावून त्यांनी निकालातला शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यात आधी भागोजीने केलेल्या बांधकामाचं वर्णन होतं, मग सासऱ्याच्या वेळच्या वहिवाटीचं, आणि शेवटी एक वाक्य, की 'सेड पार्टीज राइट' शाबीत आहे आणि गडग्याचं त्याप्रमाणे समजावं. एवढं वाचून साहेब उठले आणि बोटीवर गेले.

आता इंग्रजीची गंमत अशी की सदर एका पक्षकाराचा हक्क म्हणा, नाहीतर सदर दोन्ही पक्षकारांचा हक्क म्हणा, कानाला दोन्ही सारखंच लागतं. पार्टीज. फरक तो कागदावर. भागोजीच्या वकिलाने ऐकलं की हक्क एका पार्टीचा, म्हणजे भागोजीचा. येसूबाईच्या वकिलाने ऐकलं की दोन्ही पार्ट्यांचा. दोघांनी आपापल्या अशिलाला जिंकलो म्हणून सांगितलं. दोन्ही घरांत त्या संध्याकाळी नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाई कळशी घेऊन गडग्यापाशी गेली आणि भागोजी गडग्यावर बसलेला होता. दुपारी दोघंही नकलेसाठी कचेरीत आली.

अस्सल निकाल धोंडूच्या टेबलावर आला. त्याने शेवटचं वाक्य पाहिलं. तिथे पी-ए-आर-टी-वाय-एस असं लिहिलेलं होतं. आय नाही, स्वल्पविराम नाही. एकाचा हक्क म्हणायचा तर डोक्यावर चिन्ह नाही, दोघांचा म्हणायचा तर आय-ई नाही. जसं कानाला, तसंच डोळ्याला.

येसूबाई खिडकीपाशी उभी होती. कोकणात विहिरीला बाव म्हणतात. तिने विचारलं, "काय ओ कारकून, बाव कुणाची हाय तेवढं वाचून सांगा. बाकीचा नको माना."

धोंडू म्हणाला, दोन दिवसांनी या.

दहा वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक नक्कल कधी मिळेल ते विचारत, तिच्यात काय आहे ते वकील सांगत. त्याने ती जशीच्या तशी उतरवली असती, तर खात्याच्या दृष्टीने काम चोख झालं असतं. पण ती नक्कल घेऊन भागोजी गडग्यावर बसणार आणि येसूबाई कळशी घेऊन उभी राहणार, हे त्याला दिसत होतं. त्याने घरी जाऊन दोन्ही वह्या काढल्या. साहेबांचे एकेचाळीस निकाल त्यांत नोंदलेले होते. 'पार्टीज' हा शब्द वाय ठेवून एकशे बारा वेळा आला होता, आणि तिसऱ्या रकान्याप्रमाणे प्रत्येक वेळी अर्थ अनेकवचनी होता. एकाच पक्षकाराची वस्तू सांगायची असेल तेव्हा साहेबांनी एकोणीसच्या एकोणीस वेळा 'ऑफ द पार्टी' असं सरळ लांब लिहिलं होतं. स्वल्पविरामाचा कंटाळा असलेला माणूस दुसरं काय करणार. तेव्हा विहीर दोघांची होती. साहेबांच्या मनात शंका नव्हती, फक्त वाय हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने नक्कल केली. बाकी सगळा निकाल माशीला माशी. पण पार्टीज हा शब्द जिथे जिथे आला तिथे त्याने वाय काढला आणि आय-ई-एस लिहिलं. शेवटच्या वाक्यात एसच्या पुढे स्वल्पविरामही दिला. का केलंस, असं त्याला नंतर पुष्कळांनी विचारलं. गोदाने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की हात वळला.

रुजवातीला बाबूराव स्वतः बसले. त्यांनी अस्सल मोठ्याने वाचलं, समोरच्या कारकुनाने नकलेवर बोट फिरवलं. पार्टीज म्हणून वाचलं, पार्टीज म्हणून ऐकलं. कुठेही अडलं नाही. शिक्का बसला, नकला दोन्ही बाजूंना गेल्या. येसूबाईच्या वकिलाने तिला वाक्य समजावून दिलं, आणि ती भावाला घेऊन गेली व गडग्याचे पाच चिरे काढून आत वाट केली. भागोजीने तिला अडवलं नाही, पण त्याच्या वकिलाने अस्सल कागद पाहायला मागितला. आठ दिवसांत तक्रार बदलीवर आलेल्या नव्या साहेबांपुढे आली. नकला खात्यात अस्सल निकालात फेरफार झाला आहे, असं तिच्यात म्हटलं होतं.

नवे साहेब तरुण होते आणि कमी बोलत. त्यांनी धोंडूला बोलावलं. बाबूराव दाराशी उभे होते, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"विलणकर, नक्कल करणाऱ्याचं काम काय असतं?"

"असेल तसं उतरवणं, साहेब."

"मग उतरवलं का नाही?"

"असेल तसं उतरवलं असतं तर विहीर दोघांना मिळाली असती आणि कुणालाच मिळाली नसती."

साहेबांनी थोडा वेळ समोरचे दोन कागद पाहिले. मग विचारलं, "निकालातलं स्पेलिंग दुरुस्त करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मास्तरांनी, साहेब. इंग्रजी दुसरीत."

बाबूराव दाराशी खोकले. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं की अर्थ दोघांचा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत. धोंडूने दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी त्या उघडल्या आणि वाचायला घेतल्या. एकशे बारा आणि एकोणीस. त्यांनी शिरस्तेदाराला मधले तीन जुने निकाल काढून आणायला सांगितलं आणि ताडून पाहिलं. तिन्ही जुळले. धोंडू पाऊण तास उभा होता. शेवटी साहेबांनी त्याला जायला सांगितलं आणि बदली होऊन गेलेल्या साहेबांना पत्र लिहिलं, की अमुक दाव्यात शेवटच्या वाक्याचा अर्थ आपल्या मनात काय होता ते कळवावं.

उत्तर यायला महिना लागला. त्या महिन्यात धोंडूला कुठलंही काम दिलं जात नव्हतं. तो वेळेवर येई, टेबलाशी बसे, दौत पुसून ठेवी आणि वेळेवर जाई. शेजारचे कारकून त्याला आय. ई. एस. म्हणायचे थांबले होते, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं. घरी त्याने आयला काही सांगितलं नव्हतं. गोदाला सांगितलं, आणि तिने परड्यात दोन वाफे भाजी जास्त लावली.

मग पत्र आलं. जुन्या साहेबांनी लिहिलं होतं की प्रश्नाचं आपल्याला आश्चर्य वाटतं. वाचता येणाऱ्या कुणालाही वाक्याचा अर्थ स्पष्ट आहे. हक्क दोन्ही पार्टीजचा. आणि तिथेही वाय जागेवर होता.

नव्या साहेबांनी निकालाला खुलाशाची पुरवणी जोडली. विहीर दोघांची ठरली, भागोजीने पुढे अपील केलं नाही. त्याच दिवशी धोंडूवरचा हुकूम निघाला. नकलेत स्वतःच्या अकलेने बदल केल्याबद्दल सक्त ताकीद, तिची सर्व्हिस बुकात नोंद, आणि नकला खात्यातून उचलबांगडी करून दप्तरखान्यात रवानगी. हुकूम इंग्रजीत होता. त्यात नक्कल केल्याचं क्रियापद भूतकाळात होतं, चौकशीचा शब्द अनेकवचनी होता. धोंडूने दोन्ही पाहिले. बरोबर होते. त्याने खाली सही केली.

दप्तरखाना म्हणजे तळघरासारखी लांबट खोली. फडक्यांत बांधलेली जुनी प्रकरणं आणि वाळवी. त्याच महिन्यात एका दुपारी येसूबाई त्याला शोधत तिथे आली. कमरेवर फणस होता. धोंडूने सांगितलं की त्याला काही घेता येत नाही. तिने फणस उंबऱ्यावर ठेवला आणि तिथेच बसली. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. वकिलाने सांगितलेलं तिला पटत नव्हतं, की एका अक्षरावर एवढं अडलं.

धोंडूने मग तिला सांगितलं. शब्दाच्या शेवटी एक अक्षर असतं, त्याचं नाव वाय. ते बसून होतं तोवर बाव एकाची की दोघांची ते कळायला मार्ग नव्हता. ते उठवलं आणि त्याच्या जागी आय आली. आय आल्यावर कळलं, की दोघांची.

"त्यात काय येवडा," ती म्हणाली. "आय असली की घर दोगांचाच असता. सासू होती तवा गडगा नव्हता."

ती पदर झटकून उठली आणि गेली. फणस उंबऱ्यावरच राहिला. बाबूरावांनी येऊन पाहिला आणि म्हणाले की बाई गेली, आता तो कुणाचाच नाही. संध्याकाळी दप्तरखान्यातले आणि नकला खात्यातले मिळून सात जणांनी तो खाल्ला. धोंडूने दोन गरे घेतले. तेव्हापासून त्याला पुन्हा आय. ई. एस. म्हणू लागले.

दप्तरखान्यात तो सात वर्षं राहिला. पहिल्या वर्षानंतर एक प्रकार सुरू झाला. नवे साहेब निकाल लिहीत आणि सही करण्याआधी तो कागद, जुनं एखादं प्रकरण हवं आहे अशा निमित्ताने, पट्टेवाल्याबरोबर खाली दप्तरखान्यात पाठवत. जुनं प्रकरण कधी लागत नसे. धोंडू कागद पाहून परत पाठवी. कुठे काही असलं तर समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका असे, तो साहेब खोडून टाकत. याबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. नवे साहेब बदलून गेले तेव्हा त्यांनी ही वहिवाट पुढच्या साहेबांना सांगितली असावी, कारण ठिपके चालू राहिले. सर्व्हिस बुकातली ताकीद मात्र कुणी काढली नाही. ती काढायची तर ती का दिली ते पुन्हा लिहावं लागलं असतं.

आय छत्तीस साली गेली. या वेळी ताप वगैरे काही नव्हता, जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. धोंडूने रजेचा अर्ज लिहिला, त्यात भूतकाळाचं क्रियापद होतं. त्याने ते बरोबर लिहिलं. बाबूराव तोवर निवृत्त झाले होते, पण बातमी ऐकून ते भाट्याला आले आणि अंगणात पुष्कळ वेळ बसून राहिले.

अडतीस सालच्या वैशाखात धोंडू गोदाच्या माहेरच्या एका लग्नासाठी फणसोपला गेला. सात वर्षांत त्याने ती विहीर कधी पाहिली नव्हती. बघायची तशी गरजही नव्हती, कागदावर ती त्याला पाठ होती. लग्नघरापासून चार घरं सोडून साळव्यांचं परडं आहे असं कळलं, तेव्हा जेवणं उरकल्यावर तो तिकडे चालत गेला. गडगा होता, पण त्यातली वाट आता बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती. रहाटापाशी दोन बाया पाणी ओढत होत्या. एक येसूबाईची सून, दुसरी भागोजीची मुलगी. पडवीत म्हातारा भागोजी सुपारी कातरत बसला होता.

कोण, कुठले, असं विचारणं झालं. धोंडूने नाव सांगितलं. भागोजीने सुपारी बाजूला ठेवली आणि त्याला वर बसायला सांगितलं.

"त्ये कारकून तुमीच काय?"

धोंडूने हो म्हटलं. भागोजी भांडेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. पण म्हाताऱ्याने विहिरीकडे बोट केलं.

"बाव दोगांचीच," तो म्हणाला. "ता माना आदीपासून ठावं होता. बापाने खणली, माज्या म्होरं खणली. पन भावजय एक डाव बोलली असती, की भावजींनी बांदून काडलीत, बरा केलात, तर मी गडगा घातला नसता. ती बोलली नाय. मंग कोडतात गेल्यावर काय सांगनार."

हे निकालात कुठेच आलं नव्हतं. भागोजीने आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. त्याच्या मुलीने आत्ताच काढलेल्या कळशीतून तांब्या भरून आणला, गुळाचा खडा आणला. धोंडूने पाणी तोंडाला लावलं. ते मचूळ होतं. खाडी जवळ, त्यात वैशाख.

"उन्हाळ्यात असाच लागता," भागोजी म्हणाला. "पयल्यापासून."

धोंडूने गूळ तोंडात टाकला आणि तांब्याभर पाणी पिऊन संपवलं. मग भागोजीने त्याच्यापुढे पानाचं तबक सरकवलं आणि भाट्याला यंदा आंबा कसा आहे, ते विचारलं.